गारी बरी हाय, पोऱ्याचा पाय बरा नाय

...नाही, मला एक सांगा, माणसाचा पाय खराब कसा असू शकतो? मोडू शकतो, मुरगळू शकतो, खाडीच्या चिखलात शिंपल्याने कापू शकतो, सगळं मान्य! पण धडधाकट पाय, कबड्डी खेळलेला पाय, नवरात्रात पहाटेपर्यंत नाचलेला पाय... तो ॲक्सिलरेटरवर ठेवला की लगेच खराब? आणि हे मला कोण सांगणार? डॉक्टर? छे! अख्खं करावे गाव! कोळंबी निवडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा, हातातली कोळंबी खाली न ठेवता, माझ्या पायाकडे बघून च्‌ च्‌ करणार आणि एकमेकींना सांगणार, "गारी बरी हाय, पोऱ्याचा पाय बरा नाय!"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत कोणी "गारी" बोललं तरी माझा पाय आखडतो!

थांबा, आधी गाडी काय ते सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल हा अरविंद काय बैलगाडीबद्दल बोलतोय. तर आमचे हिरामण काका. सख्खे काका, बाबांचे मोठे भाऊ. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भात गेला, मिठागर गेलं, आणि काकांनी विटा आणि रेती पुरवायचा धंदा सुरू केला. वाशीत, बेलापुरात बिल्डिंगा जशा वर वर जायला लागल्या, तसं काकांचं पोट पुढे पुढे यायला लागलं. एक दिवस कामाला कुलाब्याला गेले आणि तिथे एका पारशी बावाजींच्या अंगणात चादरीखाली त्यांनी ती बघितली. विलायती! लाल! दोन सीटवाली, डोक्यावर छप्पर नाही, बसलं की ढुंगण जमिनीला लागेल इतकी खाली, आणि पुढे दोन डोळे असे बाहेर आलेले... माझ्याच वयाची, पण बावाजींनी पोरीसारखी जपलेली. काकांनी एंजिन नाही बघितलं, कागद नाही बघितले, आत बसूनसुद्धा नाही बघितलं! रंग बघितला आणि बोलले, "हीच पायजे."

घरी आणली. काका बसले. म्हणजे, बसायला गेले. पोट आधी गेलं, मग मध्ये स्टेअरिंग आलं, आणि दोघांपैकी कोणी मागे हटायला तयार नाही! हॉर्न वाजतोय, काका ओरडतायत, काकी बाहेरून ओढतेय... काढले बाबा कसेतरी. तेव्हापासून काका डाव्या सीटवर, आणि चालवायला मी. कारण घरात लायसन माझ्या एकट्याकडे. बायकांनी गाडीचं नाव ठेवलं चिंबोरी. उकडलेली चिंबोरी बघा, अशीच लाल, अशीच चपटी, असेच डोळे बाहेर. आता मला सांगा, ज्या गाडीला कुलाब्यात लोक वळून वळून बघायचे, तिला आमच्याकडे खेकडीचं नाव!

पण काय चालायची हो! लोणी! पाय नुसता टेकवला की सुर्रर्र... मी तर प्रेमातच पडलो. आणि त्याच गाडीतून आम्ही गेलो नावड्याला मुलगी बघायला. वामनशेठ. तेही रेतीवाले, काकांचे ओळखीचे, आणि त्यांची एकुलती एक गोजरा. आता मुलगी बघायला गेलो की मान खाली घालून पोहे खायचे असतात, मला माहीत होतं, खात होतो. ती चहा घेऊन आली, कप पुढे केला आणि इतक्या हळू बोलली की बाजूला बसलेल्या काकांनासुद्धा ऐकू नाही गेलं, "एक चक्कर मारून आणाल का मला कधी? त्या लाल गाडीतून?"

संपलं! मी तिथेच गेलो! तो चहा गोड होता की खारट, आजपर्यंत माहीत नाही मला.

सगळं जुळलं. फक्त वामनशेठ एकदा आमचं घर बघायला करावेला येणार आणि मग सुपारी फुटणार, एवढंच बाकी. मध्ये दसरा आला. दसऱ्याला शेवंताकाकीने चिंबोरीची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूची माळ. मी आपला सीटवर बसलेलो, बॉनेट उघडं, पलीकडे काकी काय करतेय ते मला दिसत नाही, नुसत्या बांगड्या वाजतायत. मध्येच बोलली, "बाला, दाब जरा, बघू दे कुठं हलतंय ती." मी दाबलं. "बस, बस, समजलं." झाली पूजा. प्रसाद खाल्ला. मला काय माहीत हो!

दुसऱ्या दिवशी वामनशेठ आले. पांढरा शुभ्र शर्ट, पांढरा लेंगा, पांढरी टोपी, तोंडात पान. काका बोलले, "अरविंद, शेठला बेलापूरपर्यंत फिरवून आन." मी एकदम रुबाबात! गॉगल लावला. शेठ बाजूला. गावाच्या वेशीबाहेर निघालो आणि पाय टेकवला... काही नाही. अजून दाबला... काही नाही. अजून थोडा... आणि धाड्‌कन! चिंबोरी अशी पुढे उडाली की शेठची टोपी मागच्या शेतात! घाबरून पाय काढला, तर गाडी ऐकेनाच, पळतेच आहे, पळतेच आहे, आणि अचानक खाट्‌कन थांबल्यासारखी! शेठ पुढे आले, काचेवर आपटता आपटता मागे गेले, आणि ते पान... अहो, ते पान! पांढऱ्या शर्टावर वरपासून खालपर्यंत रंगपंचमी! "दम, दम, दम!" शेठ ओरडतायत, मी "सॉरी, सॉरी" करतोय आणि चिंबोरी उचकी लागल्यासारखी पुढे-मागे, पुढे-मागे...

घरी आलो. शेठ खाली उतरले. पाणी प्यायले. काकांना शांतपणे बोलले, "हिरामन, राग मानू नको. गेल्या येळेला तू हीच गारी घेऊन आमचेकरं आलास, मी अंगनातून बघितली, पान्यावर होरी चालावी तशी आली. मंजी गारीन काय नाय. या पोऱ्याचा पाय थिर नाय. आज गारीला धक्के देतंय, उद्या संसाराला देल. माझी एकच पोरगी हाय."

काका हातापाया पडले. मग शेठने एक रस्ता ठेवला. "तुलशीचा लगीन झाला का तुमी सगली या नावऱ्याला. पोऱ्याने हीच गारी चालवीत याचा. मी परत बाजूला बसनार. धक्का नाय बसला तर तितंच सुपारी फोरू. बसला, तर राम राम."

बघा! माझं लग्न कशावर अडलं? शिक्षणावर? नाही. पत्रिकेवर? नाही. एका जुन्या गाडीच्या उचकीवर!

आता गाडी दाखवायची कुठे? सगळ्यात जवळ सदू. सदू आमच्या गावचा, होड्यांची एंजिनं दुरुस्त करतो. त्याने बॉनेट उघडलं, खुश झाला, "आयला, अशी बारीक एंजिन!" एक स्क्रू ड्रायव्हर एंजिनला टेकवला, दुसरं टोक कानाला, डोळे मिटले... मला बोलला, "याचे पोटान पानी गेलाय." पेट्रोलची टाकी उपसली. फिल्टर काढला, धुतला, फुंकला. मी आपला घरी जेवायला गेलो. परत आलो तर सदू खाडीपर्यंत चक्कर मारून आलेला, खुशीत शीळ घालत. "घे. होरीसारखी चालतंय." मी बसलो. दाबलं... काही नाही... अजून... धाड्‌कन! सदूच्या कोंबड्या छपरावर! सदूने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे बघितलं, आणि असा हळहळला की जणू पायाची मयत आहे. "बाला, गारी बरी हाय..."

पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल.

मी बोललो, जाऊ दे, होडीवाला तो, त्याला काय कळतंय. तुर्भ्याला घेऊन गेलो, पोपट मिस्त्रीकडे. पोपट साताऱ्याकडचा, ट्रकवाला माणूस, हात हे एवढे! माझी कंपनी तिथेच, त्यामुळे सकाळी गाडी टाकायची आणि संध्याकाळी घ्यायची. पोपटने पॉइंट घासले, प्लग बदलले, टायमिंग लावलं, कार्बोरेटर खोलून पाण्यासारखं पेट्रोल ओतून आंघोळ घातली. संध्याकाळी बोलला, "बसा सायेब, ट्रायल मारली म्या, नागिनीवानी पळतीया." मी बसलो. तुर्भे नाका येईपर्यंत काही नाही, गर्दीच एवढी ट्रकांची, पाय लावायला वावच नाही. नाका संपला, रस्ता मोकळा झाला, पाय टेकवला... धाड्‌कन! पुढच्या ट्रकच्या मागे 'पुन्हा भेटू' लिहिलेलं, ते मी इतक्या जवळून वाचलं की रंगाचा वास आला!

वळवली. परत पोपट. पोपटने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत काहीतरी खुडबूड केली, स्वतः बसला, गेला... आणि नागिणीसारखा आला! मी बोललो, मिस्त्री, तुम्ही बाजूला बसा, मी चालवतो. तो बोलला, थांबा, बॉनेट नीट लावतो. लावलं. बसला. मी पाय टेकवला... धाड्‌कन! पोपट डॅशबोर्डवर! पुसलं त्याने नाक आणि अगदी जिव्हाळ्याने बोलला, "सायेब, म्या चालिवतो तवा मारती का? न्हाई. तुमी चालिवता तवा मारती का? मारती. मग रिपेर कशाला करायचं, गाडीला का तुमाला?"

यावर उत्तर आहे तुमच्याकडे?

आणि मग सुरू झाले गावचे उपाय. काका बोलले, बूट बदल. बूट बदलले, चप्पल घातली, कॅनव्हास घातले, शेवटी अनवाणी चालवली. धाड्‌कन! बाबा बोलले, पायात ताकद जास्त आहे, दूध बंद. बंद केलं! शेवंताकाकी रोज संध्याकाळी माझ्या उजव्या पायाला खोबरेल तेल चोळणार आणि त्या पायाशी बोलणार, "शान्यासारका वाग रं." मग तिला कोणीतरी सांगितलं की शिलाईच्या मशीनवर बसवा, पाय थिर होतो. तुम्हाला सांगतो, कंपनीतून दमून यायचं आणि खालच्या पट्टीवर पाय मारत बसायचं, खडखड, खडखड! मी अख्ख्या आळीला पिशव्या शिवून दिल्या! उशांचे अभ्रे शिवले! बायका माप घेऊन दारात उभ्या, "अरविंदा, माझी पोलकी कदी देतंस?" इथे माझं लग्न मोडायला आलंय आणि मी दुसऱ्यांच्या लग्नाची पोलकी शिवतोय!

सगळ्यात वाईट काय सांगू? मलाही पटायला लागलं. खरंच! रस्त्याने चालताना मी उजव्या पायाकडे संशयाने बघायचो. जिना उतरताना आधी डावा टाकायचो, म्हटलं याचा भरवसा नाही. आणि मनात सारखं ते, "एक चक्कर मारून आणाल का मला?" कशी आणू गं बाई! तुझी वेणी बेलापूरला आणि तू पनवेलला!

शेवटचा उपाय म्हणून भायखळा. तिथे लोबो अंकल. सगळे बोलायचे, विलायती गाडी लोबो अंकलला दाखव, त्यांच्या हाताला जादू आहे. खाडीचा पूल ओलांडून, धक्के खात खात, पोचलो एकदाचा. जाडा चष्मा, हातात रबराची नळी. नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, डॉक्टरच! मला बोलले, "दोन कार्बोरेटर हाय ना मॅन, जुळा भाऊ हाय. एक जास्त पितो, एक कमी पितो, मग भांडण होते." मला इतका आनंद झाला! कोणीतरी पायाचं नाव न घेता बोललं! मी जवळजवळ रडलोच. त्यांनी दुपारभर त्या दोन भावांचं भांडण मिटवलं. मला बोलले, तू जा, समोर इराण्याकडे बस. मी ब्रून मस्का खाल्ला. परत आलो तर अंकल भायखळ्याला एक मोठा फेरा मारून आलेले, पांढरे केस मागे उडालेले, पोरासारखे हसतायत. "बटर, मॅन! बटर!" मग बॉनेटमध्ये वाकून काहीतरी आवरलं, हात पुसले, गाडी दिली.

खाडीचा पूल यायच्या आधीच... सांगू? नकोच. तुम्हाला माहीत आहे.

परत गेलो तर अंकलने चष्मा काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलले, "माय सन, गाडी एकदम फर्स्ट क्लास हाय. तू... दारू सोड." अहो, मी ताकसुद्धा बेताने पितो!

म्हणजे झालं. करावेचा सदू, तुर्भ्याचा पोपट, भायखळ्याचा लोबो. तिघांनी चालवली, तिघांना लोणी. मी चालवली, मला उचकी. गारी बरी हाय, पोऱ्याचा पाय बरा नाय. निकाल!

तुळशीचं लग्न झालं. रविवार आला. चिंबोरी धुतली, पुसली. मी स्टेअरिंगवर, बाजूला काका, मांडीवर पेढ्यांचा खोका आणि हातात चांदीच्या मुठीची काठी, खास या गाडीसाठी घेतलेली. मागून टेम्पोत शेवंताकाकी आणि आळीतल्या बाया, गाणी म्हणत. आम्ही धक्के खात निघालो. मागून दिसत असेल ना त्यांना, चिंबोरी उडी मारते, बायांचं गाणं थांबतं, परत सुरू होतं. पेढे खोक्यात राहिलेच नाहीत, त्यांचा एकच मोठा पेढा झाला! खारघरच्या डोंगराखाली असा एक दणका बसला की काकांची मान मागे गेली आणि ते बोलले, "थांबव. मना मारूनच तिथं नेनार हायस का?"

थांबवली. सुनसान रस्ता, एकीकडे डोंगर, एकीकडे माळ. टेम्पो मागे राहिलेला. मी उतरलो, रागाने बॉनेट उघडलं. आता उघडून काय करणार, मला काय येतंय? पण रागावलेला माणूस काय करणार, कुठेतरी डोकं घालायचं. आणि मी काकांना ओरडलो, "काका, जरा रेस द्या!"

काका कशी देणार? डाव्या सीटवर, पोट मध्ये. मग त्यांनी ती काठी आडवी घातली आणि चांदीच्या मुठीने पेडल दाबलं.

आणि तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पहिल्यांदा हो! पेडल दुसरं कोणीतरी दाबत होतं आणि आत मी बघत होतो. नायतर कायम दाबणारा मी आणि बघणारे दुसरे. पाय माझा, डोळे त्यांचे!

काय दिसलं? पेडल दाबलं की आत एक बारीक सळई हलते, ती कार्बोरेटरचं तोंड उघडते. त्या सळईला काळा दोरा. दोऱ्यात लिंबू, मिरच्या, एक बिब्बा, एक कवडी. एक टोक सळईला, दुसरं टोक बाजूच्या पाइपाला, घट्ट! गाडी उभी असली की सैल, माळेसारखा, छान, कोणाला वाटेल शोभेला आहे. आणि काकांनी काठी दाबली की तो दोरा असा ताणला... सळई अडली... अजून दाबली... दोरा ताणला, ताणला... आणि बिब्बा सटकून सळई टण्‌कन उघडली! काठी काढली, तर कवडी मध्ये अडकून सळई तशीच उघडी, आणि मग अचानक खट्‌कन बंद!

धाड्‌कन! आणि खाट्‌कन! ही बघा माझी उचकी! हा बघा माझा खराब पाय!

आणि दोरा कसला? कापसाचा असता तर पहिल्याच दिवशी तुटला असता ना! मासे धरायच्या जाळ्याचा, नायलॉनचा, काजळ लावून काळा केलेला! घोळ मासा ज्याला तोडू शकत नाही, तो माझा पाय काय तोडणार!

एवढ्यात टेम्पो आला. काकी उतरली. मी बोललो, "काकी! हे काय आहे?" ती अगदी सरळ, "काय म्हंजे? दसऱ्याला बांधलाय. बंपरला मिरची बांधली का शेरडा खातात. मंग भगत बोलला, जिथं जीव हाय तिथं बांध. तुला दाब बोलली, ही काडी हलली. जी हलते तिथंच जीव, नाय का?"

नाय का! मला सांगा, यात चूक काय काढणार? एंजिनात जी हलते तिथेच जीव!

"पण मग सदूने? पोपटने? लोबोने? कोणाला दिसला नाही?" दिसला हो! सगळ्यांना दिसला! नंतर मी तिघांना विचारलं. सदू बोलला, "देवाचा दोरा हाय, हात कसा लावू? सोरला, कपालाला लावला, तुलशीपाशी ठेवला, काम जाल्यावर होता तिथंच बांधला." पोपट बोलला, "आवो, म्या गनपतीच्या फोटोला आडकवला व्हता. ट्रायल जाली की बांधला जागच्या जागी. इंच इकडं न्हाई का तिकडं न्हाई." आणि लोबो अंकल, क्रॉसला नमस्कार करणारा माणूस, बोलला, "तुझी मम्मीने बांधला असेल, सेंटिमेंट हाय ना मॅन. मी तर गाठपण तशीच मारली." म्हणजे ट्रायल मारायची दोऱ्याशिवाय, आणि गाडी मला द्यायची दोऱ्यासकट! तीन गावचे तीन मिस्त्री, तीन देव, आणि तिघांनी इमानदारीने मला परत त्याच जागी बांधलं!

मी खिशातला चाकू काढला. काकी किंचाळली, "मेल्या! शुभ कामाला निंगतोस आनि दोरा तोरतोस?" बाया सगळ्या भोवती जमा, आणि काकी त्यांना सांगतेय, "ह्यो दोरा हाय म्हनून नुसत्या धक्क्यावर भागला, नायतर गारी पलटी झाली असती!" मी बोललो, "काकी, धक्का दोऱ्यानेच बसतोय!" ती बोलली, "दोऱ्याने कंदी धक्का बसतो का? दोरा धक्का झेलतो!" काका घड्याळ बघतायत. तिकडे वामनशेठ वाट बघतायत, गोजरा वाट बघतेय, आणि इकडे भर रस्त्यात दोऱ्यावर परिषद! शेवटी काकीने गाठ स्वतः सोडली, कारण कापायचा तर नाहीच. पण सोडला तर ठेवायचा कुठे? जमिनीला टेकायचा नाही. टेम्पोत ठेवायचा नाही, तिथे सुकट ठेवलेली. टाकायचा तर वाहत्या खाऱ्या पाण्यात, आणि खाडी राहिली मागे. "कुठंतरी बांधायलाच पायजे," काकी बोलली.

माझं डोकं असं सटकलं! मी बोललो, "मग माझ्या पायाला बांध! सगळं गाव बोलतंय ना दोष पायात आहे? मग बांध पायाला! बांध!"

मी चिडून बोललो हो! चिडून माणूस काय वाट्टेल ते बोलतो! पण ती बाई तिथे, डोंगराखाली, भर डांबरी रस्त्यावर मांडी घालून बसली, माझी पॅन्ट वर केली, आणि उजव्या घोट्याला तो दोरा, लिंबू, मिरच्या, बिब्बा, कवडीसकट तीन वेढे देऊन बांधला. वर मोजा चढवला. काकीने कानशिलावर बोटं मोडली.

पुढचा रस्ता? लोणी! चिंबोरी अशी गेली, अशी गेली... काकांना रडायला आलं. पायात मिरची झोंबतेय, लिंबू टोचतंय, पण मी गाणं म्हणतोय!

नावड्याला वामनशेठ दारात उभे. या वेळी पान नाही. हातात काय? बशी! काठोकाठ चहा भरलेली बशी! ती घेऊन गाडीत बसले. बोलले, "चल, तलोज्याच्या फाट्यापर्यंत." अख्खं नावडे रस्त्यावर. मी श्वास घेतला, पाय टेकवला... सुर्रर्र... फाट्यावर वळवली, परत आणली, अंगणात उभी केली. बशीत एक लाट नाही! शेठने सगळ्यांसमोर तो गार चहा फुर्रकन प्यायला, मिशी पुसली आणि ओरडले, "गारी तीच हाय, पोऱ्याचा पाय सुधारला! फोरा सुपारी!"

मी बोललो, शेठ, खरं सांगायचं तर पाय नव्हता, दोरा होता... पण ऐकतोय कोण? काकीने सगळ्यांसमोर माझा मोजा खाली केला, पॅन्ट वर केली आणि दाखवला दोरा. आहाहा! काय गलका झाला! माझी होणारी सासू केशरबाई हात जोडून बोलली, "बघा, गारीला बांधला तवा गुन नाय आला, पायाला बांधला आनि लगेच आला. म्हंजे दोष पायानच होता!"

सिद्ध झालं! पुराव्यासकट! आणि पुरावा कोणी दिला? मीच!

सुपारी फुटल्यावर गोजराला ती चक्कर मारून आणली. तिला सगळं समजावलं, सळई, पाइप, बिब्बा, कवडी, सगळं. म्हटलं, ही बारावी शिकलेली, हिला तरी कळेल. तिने शांतपणे ऐकलं. वाऱ्याने केस उडतायत, इतकी छान दिसतेय... आणि बोलली, "बरोबर आहे तुमचं. पण पायाला बांधल्यावरच थांबलं ना?"

लग्न केलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला काकी माझ्या घोट्याला नवा दोरा बांधते. लिंबू-मिरची आता नसते, मी पाया पडलो म्हणून तेवढी सूट मिळालीय. चिंबोरी काकांच्या अंगणात मजेत आहे. मी कंपनीत जायला स्कूटर घेतली, आणि परवा काय झालं, स्कूटर धक्के द्यायला लागली. रेस दिली की काही नाही, काही नाही, आणि धाड्‌कन! मी सरळ पोपटकडे. म्हटलं, मिस्त्री, प्लग बघा, कार्बोरेटर बघा, केबल बघा, काय ते बघा. पोपटने प्लग नाही बघितला. कार्बोरेटर नाही बघितला. स्कूटरकडे त्याने वळूनसुद्धा नाही बघितलं! हात पुसले आणि बोलला, "सायेब, आदी पॅन्ट वर करा."

मी भडकलो! बोललो, मिस्त्री, रेस आता हाताने देतात! पायाचा काय संबंध? तो बोलला, "करा तर."

केली.

दोरा नव्हता हो. कुठे तुटला, कधी तुटला, देवाला माहीत.

पोपटने माझ्या पायाकडे बघितलं. स्कूटर तिथेच ठेवली त्याच्याकडे, चालत नाक्यावर आलो, मिळेल ती गाडी पकडून करावेला गेलो, आणि शेवंताकाकीसमोर ओट्यावर बसून पाय पुढे केला.